नळी आणि पुतणी

मी परभणीच्या एका संशोधन केंद्रावर जनावरांचा डॉक्टर म्हणून नुकताच लागलो होतो, तेव्हा तिथले माझे सर स्वतःच्या पुतणीचं स्थळ घेऊन आमच्या घरी पेडगावला आले. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. एसटी बंद होती, म्हणून सायकल हाणत आले. आईनं गूळपाणी पुढं केलं, तर त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

"थांबा. पोरगी माझ्या सख्ख्या भावाची हाय. आधी हे ऐका, मग मी तिचं कौतुक करतो ते ऐका."

वडील हसले. "तुमीच सांगून टाकलं, आता आमी शक कशाचा घ्यावा?"

लग्न झालं. केंद्रावर ते सरच राहिले, फक्त चिडले की मला जावईबापू म्हणायचे.

सरांचा जीव एका नळीत अडकला होता. मेंढीला जंताचं औषध बाटलीनं पाजलं की ते कधी श्वासनळीत जातं, ठसका लागतो, एखादी दगावते. सरांनी स्वतः बनवलेली नळी टोकाला वाकवलेली होती. ती गालात बसायची आणि मेंढी आपलं आपण गिळायची. ही नळी सरकारी योजनेत जावी, गावोगावच्या कळपांत पोचावी, एवढं एकच त्यांना निवृत्तीआधी बघायचं होतं. तिच्या पेटंटसाठी त्यांनी स्वतःच्या नावानं अर्ज केला होता. जिंतूरकडच्या कळपांवर आम्ही दोघांनी ती बाटलीशी ताडून पाहिली. नळी खरोखरच चांगली होती. तसा शोधनिबंध लिहिला, खाली दोघांची नावं. पेटंटचा मात्र त्यात शब्द नव्हता.

मी म्हणालो, एक ओळ घालू या.

"कशाला घालायलाय? मासिकानं इचारलंय का?"

"इचारलं न्हाई म्हणूनच सांगायचं, सर."

"म्हणजे वाचणारा म्हणणार, स्वतःचीच टिमकी वाजवायलाय. लय शहाणे झालात, जावईबापू."

माझं डोकं तेव्हा लवकर तापायचं, आताही तापतं. मी म्हणालो, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आमच्या घरी पाणी प्यायच्या आधी पुतणी सांगितली होती तुमी. मग नळी का सांगत न्हाई?"

सरांनी टेबलावरचे निबंधाचे कागद गोळा केले. "पुतणीला तुमी न्हाई म्हणला असता, तर दुसरं घर बघितलं असतं," ते म्हणाले. "नळी एकच हाय."

ते ऐकून वाईट वाटलं. पण माझं नाव काढा, असं सांगून मी उठलो.

पुढं बरेच दिवस अबोला. बायको वैतागली. "काकाचं बी खरं, तुमचं बी खरं, मी कुणाला जेवायला वाढू?" शेवटी एका रविवारी सर आमच्या दारात उभे राहिले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "ओळ कुठं घालायची ते दाखवा." पेटंटच्या अर्जाची ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली.

गंमत पुढंच आहे. निबंध छापून आला आणि त्यात ती ओळच नव्हती. असली माहिती छापायची पद्धत नाही, असं संपादकांनी कळवलं. मला वाटलं, सर सुटले. कुणी त्यांना बोल लावला नसता.

सरांनी निबंधाच्या छापील प्रती समोर घेतल्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर निळ्या शाईनं लिहायला बसले: 'नळी माझी आहे. आधी हे वाचा, मग पुढचं.' एक माझ्या हाती दिली; योजनेच्या अधिकाऱ्यांनाही तशीच प्रत गेली. उत्तर आलं, चाचणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी. मागणी रास्त होती. पण ती चाचणी व्हायच्या आत सर निवृत्त झाले आणि नळी कपाटातच राहिली.

मला फार अपराधी वाटलं. तसं मी त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तुमची प्रत वाचली न्हाई वाटतं."

खरंच वाचली नव्हती. घरी जाऊन काढली. माथ्यावर तीच निळी शाई, फक्त एक वाक्य जास्त होतं:

'नळी माझी आहे. जावईही माझाच आहे. आधी हे वाचा, मग पुढचं.'