पाठीवरचा भोपळा

मुतिंताला काही केल्या बसवत नव्हतं. झांबियातल्या चोमा गावच्या बाजारात सुकी मासळी विकताना तिच्या पाठीला एक ना एक पोर बांधलेलं असायचंच. पाचही पोरं तिनं तशीच वाढवली. आणि आता धाकट्या, चार वर्षांच्या लुयांडोच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "सहा आठवडे हिला पाठीला बांधायचं नाही. टाक्यांवर ताण येईल."

आज बारावा दिवस. मुतिंतानं अंगण तीनदा झाडलं, धुतलेली भांडी परत धुतली, मक्याच्या पिठाची घट्ट नशिमा चुलीवर करपवली. खिळ्यावर पोर बांधायचं चितेंगे लटकत होतं. त्या कापडाकडे बघून लुयांडो हात वर करायची, की मुतिंता तोंड फिरवून पुन्हा कामाला लागायची.

"अगं लुयांडोच्या आई," शेजारची चिपेगो कुंपणावरून म्हणाली, "पोरगी चटईवर गप पडलीय आणि तू भिंगरीसारखी फिरतेस. आजारी नक्की कोण आहे?"

"तू तुझी चूल बघ!" मुतिंता खेकसली आणि पुन्हा झाडू उचलला.

मागून लुयांडो आली. एका हातानं चितेंगे ओढत, पायानं एक छोटा भोपळा लोटत.

"वाक," ती म्हणाली. "तोवर याला घे. पण मी बरी झाले की उतरवायचं हं त्याला."

मुतिंतानं भोपळा पाठीला बांधला. चिपेगो फिदीफिदी हसली. मुतिंता मात्र डुलत राहिली, मागे हात नेऊन थोपटत राहिली.

"झोपला?" लुयांडोनं विचारलं.

"झोपला," मुतिंता म्हणाली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा लेकीशेजारी टेकली.