ट्रॉलीची गाठ आणि शिडाचा दोर

खर्ड्याच्या हनुमंताने बांधलेली उसाची ट्रॉली वाटेत कधी ढिली पडली नाही. पंचवीस गळीत हंगाम त्याने ऊस तोडण्यात आणि ट्रॉल्या भरण्यात काढले. त्याने दोर आवळला की ड्रायव्हर मागे वळूनही बघत नसे. याचा त्याला गर्व होता आणि तो चारचौघांत सांगतही असे. पोहता येत नव्हतं, ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मुळा धरणावर तेच अंगाशी आलं. त्याची लेक रोहिणी नगरच्या एका दवाखान्यात नर्स. वर्षभरात पहिल्यांदा रजा काढून ती मैत्रिणीबरोबर शिडाच्या होडीच्या तीन दिवसांच्या सहलीला निघाली होती. या सहलीत नुसतं बसून चालत नाही, नवख्यांनाही होडीवर काम करावं लागतं. मैत्रीण ऐनवेळी तापाने पडली. हनुमंत मोटारसायकलवरून लेकीला सोडायला आला होता. होडी चालवणारी आराधना म्हणाली, तिसरा माणूस नसेल तर निघता येणार नाही. रोहिणीने बापाकडे पाहिलं आणि बापाच्या तोंडून नाही निघेना. गडी फसला.

आराधना बेलापूरची, पस्तिशीची, हळू बोलणारी बाई. शिडाचा दोर तिने त्याच्या हातात दिला. "काका, हा बांधायचा नाही. हातात धरायचा. वारा जोरात आला की सोडायचा." हनुमंताने मान डोलावली. बांधायचा नाही तर दोर असतो कशाला, हे त्याने मनातच ठेवलं.

पहिला दिवस कसाबसा निभला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळहात सोलून निघाले. लाइफ जॅकेटचे बंद तो सारखे चाचपत होता आणि पाण्याकडे बघायचं टाळत होता. आराधनाचं लक्ष डोंगराकडे आहे असं पाहून त्याने दोर होडीच्या काठाच्या कडीत घेतला आणि ट्रॉलीची गाठ मारली, ओढ बसेल तशी आवळत जाणारी. वर नुसता हात ठेवला, धरल्यासारखा. आता कुठे त्याला बरं वाटलं.

डोंगराच्या बाजूने वाऱ्याचा झोत पाणी काळं करत आला. रोहिणी पलीकडच्या कडेला वाकून पाण्याची बाटली काढत होती.

"काका, दोर सोडा," आराधना म्हणाली.

त्याने गाठीला नखं लावली. तेवढ्यात वारा शिडात भरला आणि होडी रोहिणीच्या बाजूला कलंडली. पाणी आत आलं. रोहिणी घसरून बाहेर पडली, पण कड तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली. होडी आणखी कलली तर तिच्याच अंगावर पालथी होणार होती. हनुमंताने गाठ दातांनी ओढली. ती हलेना. उभ्या जन्मात त्याने इतकी चांगली गाठ मारली नव्हती.

आराधनाला सुकाणू सोडता येत नव्हतं. तिने कमरेची सुरी त्याच्या पायाशी सरकवली. हनुमंताने ती उचलली आणि कांडं तोडावं तसा एका घावात दोर तोडला. शीड मोकळं झालं, फडफडलं, होडी सरळ झाली. दोघांनी मिळून रोहिणीला वर ओढलं.

होडी थांबवून आराधनाने कडीत राहिलेला दोराचा तुकडा पाहिला. कुणी बांधला, तिने विचारलं.

"मी बांधला, ताई," रोहिणी कुडकुडत म्हणाली. "आप्पांचा हात सोलला होता."

गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. ट्रॉलीवाल्या हनुमंताचं नाव शाबूत राहिलं असतं. पण ज्या लेकीला तो आत्ता बुडवणार होता तीच त्याची अब्रू झाकत होती. याची त्याला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"खोटं सांगतीय ती, मॅडम. गाठ माझी हाय. आन मला पवायला बी येत न्हाई."

रोहिणी बघतच राहिली. माझं चुकलं, असं आप्पा याआधी कधी म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं.

आराधनाने नवा दोर ओवला. काठावर सोडू का, असं तिने विचारलं. हनुमंताने त्या दिवसात पहिल्यांदा पाण्याकडे नीट पाहिलं.

"नगं. तिची रजा अजून एक दिवस हाय," तो म्हणाला आणि दोरासाठी सोललेला हात पुढे केला.