तारंच्या आत बेडूक

सुकन्या माझी धाकटी बहीन. पाठचीच, दोन वर्सानं ल्हान. मी सातवीत शाळंला रामराम ठोकला, ती मातर बारावी झाली, तीबी फस्ट क्लासात. शिरूर कासारच्या अंगाला दिलीय तिला. आन हे मी भाऊ म्हनून सांगत न्हाई, कुनालाबी इचारा, चिल्ल्यापिल्ल्यांना शिकवावं तर आमच्या सुकन्यानंच. ज्यांच्या भिंतीवर डिग्र्या टांगल्यात त्यांनी एक दिवस तिच्या ओसरीवर येऊन गुमान बसावं आन बगावं.

तिच्या सासरची वस्ती चाळीसेक घरांची. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातेत. ल्हानी पोरं एक तर आईबापाच्या मागं उसाच्या फडात, न्हाईतर मागं म्हाताऱ्यांपाशी. म्हातारी मानसं चुलीपुढं डुलक्या घेतेत आन पोरं दिवसभर धुळीत. हे सुकन्याला बगवना. तीन वर्सामागं तिनं मागं ऱ्हानारी तीन ते पाच वर्साची पोरं सकाळी नऊ ते बारा आपल्या ओसरीवर गोळा करायला सुरवात केली. कुनी सांगितलं न्हवतं, कुनी इचारलंबी न्हवतं.

तिचा नवरा शहादेव शेरडं राखतो. मानूस चांगला, पर जीभ तिखट. पहिल्याच दिवशी म्हनला, "मी चाळीस शेरडं सांबाळतो, ती कमी पडली व्हय? आनखी पाच आनलीस."

"तुमची नुसत्या लेंड्या टाकतेत," सुकन्या म्हनली. "माझी गानी म्हनतेत."

"टाकतेत तुझीबी. आत्ताच मी ओसरी झाडली."

तर असा तो कारखाना चालू झाला.

औंदाच्या सालची गोष्ट मातर आरोहीची हाय. आरोही चार वर्साची, दोन घरं सोडून ऱ्हानाऱ्या सायलीची पोरगी, औंदा तीबी ओसरीवर यायला लागलती. पोरगी म्हंजे सुईच्या टोकासारखी. इसापतुर आकडे पाठ. इसाच्या फुडं काय असतंय म्हनून शहादेवला इतकं छळलं, का त्यो शेरडं घिऊन तासभर आधीच डोंगराला गेला. तिला मागं ठिवायची सायलीची लई विच्छा. गेल्या साली फडात पोरगी उसाच्या वाढ्याच्या मोळीवर बसून दिवसभर भावलीसंगं बोलायची, दुसरं कुनी न्हाईच बोलायला.

"ताई, तुमच्यापाशी ऱ्हायली तर मानसात येईल वो," सायली म्हनली. "पर आत्याबाई न्हाई म्हनतेत."

आत्याबाई म्हंजे तिची सासू, साखराबाई. आन साखराबाईचं चुकत न्हवतं. वस्तीच्या खालच्या अंगाला शेततळं हाय. चौकोनी, दोन पुरुष खोल, आतून काळा कागद हातरलेला. कागद म्हंजे जाड पलास्टिक, आमच्याकडं त्याला कागदच म्हनतेत. त्याच्यावरून मानूस घसरलं का वर येनं न्हाई, हाताला धरायला काय गावतच न्हाई. भवताली तारंचं कुंपन हाय, पर एका जागी तार वाकून मानूस जाईल एवढी खिंड पडलीय. आन आरोहीला बेडकांचं याड. पावसाळ्यात दोनदा तिला त्या खिंडीपासून उचलून आनलं व्हतं.

साखराबाईनं सरळ सांगितलं, "माझे गुडघे गेलेत. हिच्यामागं मला पळनं व्हत न्हाई. उद्या काय झालं तर मी लेकाला काय तोंड दाखवू? घिऊन जा तुमच्या संगं. फडात निदान तळं तरी न्हाई."

ऊसतोडीची टोळी न्यायची गाडी यायला दहा दिवस व्हते. सुकन्यानं रातभर इचार न्हाई केला, ती तसली न्हाई. भाकरी थापता थापताच तिनं ठरवलं. पोराला तळ्याकडं जाऊ नको म्हनलं का पोरगं आधी तिकडंच पळतंय. मंग तळंच घरी आनावं.

मोबाइलवर तिनं एका शेहरातल्या बाईचा व्हिडिओ बगितलता. निळा कागद कापायचा, त्याच्यावर गुलाबी कमळं चिटकवायची, मधी पिवळं बदक. सुकन्यानं दुपारभर बसून तसंच्या तसं केलं. दुसऱ्या दिशी पोरांपुढं मांडलं. पोरं बगतेत, बगतेत.

"हे काय हाय सांगा बरं?" तिनं इचारलं.

"चादर," राम नावाचं पोरगं म्हनलं.

"आरं तळं हाय हे."

आरोहीनं मान हालवली. "तळं काळं असतंय. आन चौकोनी. हे कसलं वाकडं."

"ह्याच्यात पाइप कुटंय?" राम म्हनला. "मोटार कुटंय?"

सुकन्याला आधी राग आला, मंग हसू फुटलं. पोरांचं काय चुकलं? कमळ त्यांच्या आज्यानं बगितलं न्हाई, ती कुठून बगतेल. तिनं ती निळी चादर गुंडाळून कपाटावर टाकली आन कुदळ घेतली.

अंगनात तिनं वीतभर खोल, चांगला चौकोनी खड्डा काढला. शहादेवनं कडब्याच्या गंजीवर झाकायला तळ्याचा उरलेला काळा कागद ठिवलता, त्यातला एक तुकडा न इचारता कापला. चारी बाजूंनी काड्या रोवून सुतळीचं कुंपन केलं. पाइप म्हनून पपईच्या पानाची नळी लावली. मोटार म्हनून फुटका रेडिओ. पोरं आली आन खड्ड्यापुढं उकिडवी बसली ती उठंनातच. आता हे तळं व्हतं.

पर व्हिडिओवाल्या बाईचं एक तिच्या मनात ऱ्हायलंच व्हतं, पानी निळं पायजे. म्हनून तिनं कापडाला घालायची नीळ वतली, थोडी म्हनता म्हनता अर्धी बाटली. पोरांचे हात कोपरापतुर निळे झाले. आन पोरं पानी प्यायला उठल्यावर शहादेवच्या मोठ्या बोकडानं येऊन त्या तळ्यात दाढी बुडवली.

सांजच्याला शहादेव बोकडापुढं उभा ऱ्हाऊन लई येळ बगत व्हता.

"अगं," त्यो म्हनला, "ह्याला काय झालंय?"

"कुनाला?"

"दाढी निळी झालीय ह्याची."

"वय झालं आसंल," सुकन्या म्हनली आन आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून पानी साधंच. फाटक्या चपलांचे तळवे कापून तिनं मासे केले, ते मस्त तरंगायचे. जुन्या लग्नपत्रिकांचे बेडूक केले, मागं बोट दाबलं का उडी मारायचे. पोरं मोजायची, तळ्यात पाच बेडूक, दोन बाहीर उडाले, किती ऱ्हायले? मंग बुडतं का तरंगतं. दगड, बाभळीची शेंग, बाटलीचं झाकन, गोटी. आधी सांगायचं, मंग टाकायचं. आरोही एकदाबी चुकली न्हाई.

घोटाळा झाला तो तिनं ही शाळा घरी नेली म्हनून. साखराबाईची मिसरीची डबी तिनं पान्याच्या रांजनात टाकली. तरंगली. मंग झाकन उघडून टाकली. बुडाली. आजा सटवा रानातून आला, तांब्याभर पानी घटाघटा पिला आन म्हनला, "आज पान्याला चव हाय."

साखराबाई कमरंवर हात ठिवून सुकन्याच्या दारात. "तू माझ्या नातीचं तळ्याचं याड उतरवायलीस का चढवायलीस?"

"उतरवायले, मावशी."

"मंग उतरत कावून न्हाई? आज रांजन, उद्या हौद, परवा शेततळं. गाडी आली का पोरगी गाडीत. इषय संपला."

गाडी यायला चार दिवस उरले व्हते. म्हातारीचं बोलनं तिला खरं वाटाय लागलं. पोरीला पानी कळालं व्हतं, भ्या कळालं न्हवतं. आन भ्या घालून शिकवायचं तिला पटत न्हवतं. तळ्यात भूत हाय असं सांगितलं का आरोही आधी भूत बगायला जानार.

दुसऱ्या दिशी तिनं खेळ बदलला. सुतळीच्या कुंपनाला हात लावून म्हनली, "तारंच्या आत बेडूक, तारंच्या बाहीर मानूस. ज्याचा पाय आत पडला त्यो बेडूक झाला. बेडकानं बसायचं आन तीनदा डराव म्हनायचं. तवर त्याला मानसात घ्यायचं न्हाई."

"आन कुनी आत गेलं तर आपुन काय करायचं?" राम म्हनला.

"आपुन आत जायचं न्हाई. गेलं का आपुनबी बेडूक. आपुन बाहीर उभं ऱ्हायचं आन आत कोन गेलं त्याचं नाव घिऊन बोंबलायचं, मोठी मानसं येस्तवर. आन दोर असंल तर दोर फेकायचा."

बोंबलायचं म्हनल्यावर पोरांना हा खेळ काय आवडला म्हनता. तीन दिवस वस्तीत दुसरा आवाज न्हवता. शहादेव आपला कागद कुटं गेला ते बगायला सुतळीच्या आत वाकला, तर पाच पोरांनी त्याला घेरला.

"दाजी बेडूक झाले," आरोही म्हनली. "बसा खाली."

"मी कागद बगायलोय."

"बेडूक बोलत न्हाई."

शहादेवनं बायकोकडं बगितलं. बायकोनं आभाळाकडं बगितलं. बसला बिचारा, तीनदा डराव म्हनला, मंगच सोडला.

गाडी दुसऱ्या दिशी सकाळी येनार, त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. सायली घरात गठुडी बांधत व्हती, दोनबी, आपलं आन पोरीचं. साखराबाई शेरडाला पाला आनायला खालच्या अंगाला गेलती, संगं आरोही. साखराबाईचं एक करडू उड्या मारत मारत त्या वाकलेल्या तारंतून आत घुसलं आन तळ्याच्या कडंला जाऊन उभं ऱ्हायलं. म्हातारीचा जीव करडात. गुडघ्याला शिव्या देत ती खिंडीतून आत गेली. करडाला धरलं, आन तिथंच बसली. पाय कागदावर गेला का सरळ खाली, हे तिला बरुबर माहीत. म्हनून करडाला पोटाशी धरून ती मातीच्या बांधावर बसून ऱ्हायली, उठायचं कसं त्याचा इचार करीत.

वर सुकन्या भांडी घासत व्हती. तिच्या कानावर आवाज आला.

"साखराबाई आत गेलीऽ. साखराबाई आत गेलीऽ."

सुकन्यानं पातेलं तसंच टाकलं. ती पळाली ती अनवानी. तिच्या मनात एकच, पोरगी कुटं असंल. मागं शहादेव दोर घिऊन, सटवा, सायली, निम्मी वस्ती. खाली जाऊन बगतेत तर साखराबाई बांधावर करडू घिऊन बसलेली, आन आरोही खिंडीच्या बाहीर. तारंपासून चांगली हातभर लांब. एक पाय आत न्हाई. फ्रॉकाच्या मागची नाडी सोडून तिनं ती आत फेकली व्हती, वीतभर नाडी, आन दुसरं टोक हातात धरून गळा फाडून बोंबलत व्हती.

शहादेवनं दोर टाकला, म्हातारीनं कमरंला बांधला, हळूहळू ती उठली. खिंडीपतुर आली. तर आरोही आडवी उभी.

"आजी, तू बेडूक हायस."

"बाजूला सर गं भवाने."

"आधी डराव म्हन. तीनदा."

"सुकन्ये, सांग ह्या पोरीला."

सुकन्या म्हनली, "मावशी, नेम म्हंजे नेम. मी मोडला तर उद्या ती मोडंल."

अख्खी वस्ती बगती. साखराबाईनं डोक्यावरचा पदर ओढला, करडाला घट्ट धरलं आन म्हनली, "डराव." मंग दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हनताना करडूबी ओरडलं.

सटवा म्हनला, "चाळीस वर्सं झाली लग्नाला. आज खरा आवाज ऐकला."

मानसं हसून हसून खाली बसली. साखराबाई मातर हसली न्हाई. बाहीर येऊन तिनं नातीचा हात धरला.

"मी आत बसले व्हते, तू मागं आली कावून न्हाईस?"

आरोहीनं तिच्याकडं बगितलं, जनू म्हातारीला येवढंबी कळत न्हाई.

"मी मानूस हाय," ती म्हनली.

साखराबाईनं तिच्या फ्रॉकाची नाडी परत बांधली. सांजच्याला आन जेवताना गाडीचा इषय काय तिनं काढला न्हाई. सायली सासूच्या तोंडाकडं बगून थकली आन दोनी गठुडी दाराशी लावून निजली.

दुसऱ्या दिशी सकाळी सातलाच गाडी आली. भांडी चढली, कोंबड्या चढल्या, वरनं दोरी तानली. सायलीनं आपलं गठुडं वर दिलं आन पोरीचं उचलाय वाकली, तर ते जाग्यावर न्हवतं. साखराबाई ते काखंत घिऊन उभी.

"आत्याबाई, खरंच?"

"बस जा आता. डायवर खोळंबलाय. आन फडातून रोज फोन कर, न्हाईतर ही माझं डोस्कं खाईल."

सायली चढली. गाडी हालली तवा आरोहीनं हात हालवला, आन गाडी वळनावर गेल्यावर हंबरडा फोडला. साखराबाईनं गूळ दिला, करडू दिलं, कशानंबी गप बसंना. शेवटी नऊ वाजायची वाट न बगता आठलाच तिला कडंवर मारून, गुडघे मोडत, ती सुकन्याच्या ओसरीवर आली.

सुकन्याचे हात पिठात व्हते. तिनं तशीच पोरगी घेतली. पोरीच्या फ्रॉकाला पीठ लागलं आन सुकन्याच्या खांद्याला शेंबूड.

साखराबाई भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले. "मी हितंच बसते बारा वाजस्तवर," म्हनली. "मला काय काम असंल तर दे. नुसती बसले का डोळे भरतेत."

सुकन्यानं तिच्यापुढं लग्नपत्रिकांचा गठ्ठा ठिवला आन कातर दिली.