उजवीकडून मोजलेले ठिपके

मलकापूर स्टेशनबाहेर वाहेदचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हात कसबी, तोंड फाटकं. व्हिडिओ पाहून फोन बिघडवणाऱ्यांवर तर त्याचा विशेष राग.

सहदेव त्यातलाच निघाला. बायको मयुरीचा जुना फोन संथ चालतो म्हणून त्याने त्यात बाहेरची रिकव्हरी चढवली. रिकव्हरी म्हणजे फोनचा मागचा दरवाजा. पुढचं दार अडलं की तिथून आत शिरता येतं. सहदेवने भलत्याच मॉडेलची टाकली आणि दोन्ही दारं बंद झाली. आत मयुरीच्या शिवणकामाच्या मापांचे फोटो होते, एका लग्नघरच्या अठरा ब्लाउजांचे. मापांच्या चिठ्ठ्या तिने केव्हाच फेकल्या होत्या. लग्न सहा दिवसांवर आलेलं.

सहदेवला यथेच्छ झापत वाहेदने फोन कॉम्प्युटरला जोडून योग्य रिकव्हरी टाकली. पडदा उजळला, पण आतलं उघडायला रिकव्हरीने पासवर्ड मागितला. फोनला होता पॅटर्न, नऊ ठिपके बोटाने जोडून उघडायचा. ठिपक्यांना एक ते नऊ आकडे देऊन तोच पासवर्ड म्हणून टाकायचा, एवढं वाहेदने ऐकलं होतं. करायची वेळ पहिलीच. सहदेवने चिकटपट्टीवर पॅटर्न काढून दिला. वाहेदने कागदावर ठिपके मांडले, आकडे लिहिले, टाकले. चुकले. चार वेळा चुकले.

बायकोच्या फोनचा पॅटर्नही धड ठाऊक नाही, असं वाहेद बाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला. सहदेव वैतागला. “करून टाका फॉरमॅट. फोन तर चालू होईन.”

“चालू फोन घेऊन काय चाटतं बे? मापं कोण देईन?”

नवऱ्यासोबत आलेली मयुरी पुढे झाली. तिने कागद ओढून घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं तीन, दोन, एक.

“वाहेदभाऊ, तुमी उजवीकडून काऊन मोजून राह्यले?”

वाहेद उर्दू शाळेत शिकलेला, लिहिणं उजवीकडून डावीकडे. ओळीने काही मांडायचं म्हटलं की त्याचा हात आपसूक उजवीकडून सुरू होई. चूक त्याच्या ध्यानात आली. कानशिलं तापली. या खेपेला राग काढायला समोर कोणीच नव्हतं.

त्याने डावीकडून मोजून आकडे टाकले. फोटो उघडले. अठराच्या अठरा मापं त्याने आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मगच मान वर केली. मघाच्याच आवाजात, चहावाल्यालाही ऐकू जाईल असा, तो म्हणाला, “तुया पॅटर्न बरोबर होता. चूक माही होती.”

सहदेव हसू लागला, तसा वाहेद पुन्हा भडकला.

“दात नको काढू. पुन्हा व्हिडिओ पाहून हात लावला, तर फोनसकट हाकलून देईन.”