चमकीचं जाकीट आणि हळदीची सुपारी

चूक माझीच होती. पुण्याहून फोन आला होता आणि मी आमच्या गायकाला सांगितलं, "आलाच नाही."

कराडात आमचा चौघांचा बँड होता. चमकीची जाकिटं, डोळ्यांत काजळ, पापण्यांवर चंदेरी पूड आणि स्वतः रचलेली गाणी. गाणी गायकाची, कीबोर्ड माझा. मलकापूरच्या शिंप्यानं मापं घेताना विचारलं होतं, "चौघंबी नवरदेव हायसा व्हय?"

गायकानं आमची गाणी पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवली होती. नंबर माझा दिला होता. बोलावणं आलं, त्याच्या आदल्याच दिवशी उंब्रजच्या माझ्या मामांनी मुलीच्या हळदीसाठी माझ्या हातावर सुपारी ठेवली होती. तारीख तीच. आमच्याकडं एकदा घेतलेली सुपारी कुणी परत करत नाही. बरीच वर्षं मी स्वतःलाही एवढंच कारण सांगत आलो.

हळदीत आमचा गायक फर्माइशीच गायला. तिथंच आणखी तिघांनी सुपाऱ्या दिल्या. मग प्रत्येक लगीनसराई तशीच भरत गेली. जाकिटं पोटावर आवळायला लागली, बटणं सरकवून घेतली. त्यानं स्वतःचं गाणं सुरू केलं की मांडवातून ओरडा यायचा, "गड्या, नाचायचं लाव रं!"

काजळ पुसता पुसता तो विचारायचा, "पुण्याचं काय कळलं का रं?"

"न्हाई."

मला बँड नकोसा झाला होता, पण सोडवत नव्हता. मी नसताना पुण्याचं कुणी भेटलं आणि बोललं तर? त्या एका 'न्हाई'च्या राखणीला बसलो होतो.

गेल्या वर्षी बँड बंद पडला. तो आता मिरजेत तंबोऱ्याच्या दुकानात तारा चढवतो. महिन्यापूर्वी गेलो.

"आवं कीबोर्डवाले! आज कुनाची सुपारी आनली?" तो हसला. पापण्यांवर लाकडाचा भुसा होता.

"पुण्याचा फोन आला होता," मी म्हणालो. "मी लपवला."

तारेवरचा हात थांबला. "मामांसाठी?"

"न्हाई. मामांनी ऐकलं असतं. पुण्यात सगळे तुझ्याकडंच बघतील, मी मागं राहीन, असं वाटलं. तुझी गाणी मी अडवली. लय चुकलं माझं. माफ कर मला."