शेजारच्या कॉटची बेल

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्या माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा — वायरिंग तपासलंत का? एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, सेफ्टी विभागात नोकरी झाली. आपोआप लागणारा दिवा म्हणजे लूज कनेक्शन आणि माळ्यावरची पावलं म्हणजे उंदीर, एवढाच आमचा अज्ञाताशी संबंध. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर मला खरंच हवंय.

अक्का ही माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनेच मला वाढवलं. मखमलाबादकडे आमचा फुलांचा मळा होता. लग्न मोडून अक्का माहेरी परत आली आणि फुलबाजारात बसायला लागली. त्या ओळीतल्या बायकांची एक रीत होती… सकाळी ओवलेला पहिला गजरा विकायचा नाही, शेजारी बसणारीला द्यायचा. चहाला किंवा बाथरूमला उठायचं तर फुलांची पाटी तिच्याच भरवशावर सोडावी लागते ना. "शेजारीण बघती म्हणून आपण उठतो," अक्का म्हणायची.

गेल्या काही वर्षांत ती विसरायला लागली. गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसायची. एकदा नाशिक रोडच्या स्टेशनवर सापडली, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन बाजार शोधत होती. माझी बायको आधीच गेलेली, मुलगी बंगळुरूला, माझं स्वतःचं बायपास झालेलं. मला एकाच गोष्टीची भीती वाटायची — अक्का कुठेतरी पडेल, हाक मारेल, आणि ती ऐकायला कुणीच नसेल.

म्हणून केअर सेंटर शोधायला निघालो. नातेवाईक म्हणाले, बहिणीला आश्रमात टाकतोय. फार लागलं ते.

सांगून गेलं की सगळीकडे चकाचकच दिसतं, हे मला नोकरीने शिकवलेलं. त्यामुळे मी न कळवता, ऐन जेवणाच्या वेळेला जायचो. एका ठिकाणी मागच्या दारात जुन्या गाद्या रचलेल्या. आग लागली तर म्हाताऱ्यांनी पळायचं कुठून? दुसरीकडे एका आजोबांना ओढणीने खुर्चीला बांधून समोर टीव्ही लावून दिलेला. "पडतात ना काका, म्हणून," असं तिथला माणूस सहज म्हणाला. आजोबा टीव्हीकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. बाहेर येऊन स्कूटरवर बसलो आणि मला रडू आलं.

तिसरं सेंटर गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, एका बंगल्यात होतं. भरपूर उजेड, भिंतींना धरायला दांडे, फरशी न घसरणारी, ताटातलं जेवण गरम. फिनेलचा भपकारा नाही, हेही मला आवडलं, कारण ते मारलं की बरंच काही झाकता येतं. मागची दोन कॉटची खोली रिकामी होती. तिथे मी माझी नेहमीची परीक्षा घेतली. कॉटजवळची बेल दाबायची आणि कोण येतं ते बघत उभं राहायचं. सुमनमावशी, म्हणजे तिथल्या आया, पदराला हात पुसत धावत आल्या.

"काय झालं काका?"

"काही नाही. तुम्ही पास झालात."

त्या हसत गेल्या. मी वळलो तर पलीकडच्या कॉटवर एक आजी बसलेल्या. नऊवारी नेसलेल्या, केस ओले. बाथरूममधून आल्या असतील असं वाटलं.

"भाऊ, समदं बघितलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "कडी नाय बघितली."

"कसली कडी?"

"न्हाणीची. दार आत उघडतं. माणूस दाराशीच पडलं तर बाहेरच्यांनी काय करावं?"

मी बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. दार आत उघडणारं, आतून जाडजूड कडी, आणि आत बेल नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि नेमकं हेच सुटलं होतं! आजींना धन्यवाद द्यायला बाहेर आलो, तर कॉट रिकामी.

सेंटर चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमना म्हणालो, "तुमच्या मागच्या खोलीतल्या आजींची नजर भारी आहे."

"तिथे कुणी नाही काका. ती खोली आज झाडण्यापुरती उघडलीय."

मी कडीचं सांगितलं, ओल्या केसांचंही सांगितलं. मॅडम खाली बसल्या. मग हळूहळू बोलल्या. त्या खोलीत एक आजी राहायच्या. बाथरूममध्ये पडल्या, दाराला टेकूनच. कडी लागलेली, दार ढकलता येईना. सुतार आणून दार कापेपर्यंत त्या गेल्या होत्या. बाकीच्या खोल्यांच्या कड्या लगेच काढल्या, हिला मात्र कुलूप लावून टाकलं. "मला तिथे जाववत नव्हतं हो," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

ही गोष्ट त्यांना लपवता आली असती. त्यांनी लपवली नाही, म्हणूनच माझा विश्वास बसला. कडी काढा, दार बाहेर उघडेल असं बसवा, आत बेल द्या, असं मी सांगितलं. काम पूर्ण झालेलं डोळ्यांनी पाहिलं आणि अक्काला त्याच खोलीत आणलं. आजींचं म्हणाल तर मी मनाची समजूत घातली होती… सवयीच्या नजरेने कडी टिपली असेल, आणि डोक्याने बाकीचं रचलं असेल.

अक्का खिडकीजवळच्या कॉटवर बसली. मी तिला मोगऱ्याच्या कळ्या नेऊन द्यायचो. माझं नाव तिला आठवायचं नाही, पण बोटं गजरा विसरली नव्हती. पहिला गजरा झाला की ती उठायची आणि रिकाम्या कॉटच्या उशीवर ठेवायची.

"कुणाला गं, अक्का?"

"शेजारणीला. लय गप असते बिचारी."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मावशींनीही शपथेवर नाही म्हटलं.

पुढे अक्काला लकवा झाला. वाचा गेली, हात उचलेना. बेल उशाशी होती, पण ती दाबायची कुणी? मावशी सारख्या डोकावून जायच्या, तरी मधला वेळ उरतोच. माझी जुनी भीती परत आली. मी कळ्या नेत राहिलो, आणि मला जमेल तसा वेडावाकडा गजरा ओवून त्या उशीवर ठेवत राहिलो. का, ते विचारू नका. अक्का बघायची, एवढंच.

एका दुपारी मावशींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. अक्काचं डोकं मावशींच्या मांडीवर होतं, ओठ ओले होते.

"पाणी घातलं काका तोंडात," त्या म्हणाल्या. "हात धरून बसले होते. बेल वाजली म्हणून आले, नायतर मला काय कळणार होतं?"

"कुठली बेल?"

मावशींनी पलीकडच्या कॉटकडे पाहिलं. "बाहेर बेलच्या बोर्डावर त्या कॉटचा दिवा लागला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं."

दिवसकार्य उरकल्यावर मी मीटर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. स्विच उघडला, वायर बोर्डापर्यंत तपासली. ओल नाही, शॉर्ट नाही, बटण चांगलं कडक. बोटाने दाबल्याशिवाय दिवा लागणं शक्य नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. याच्या पुढे मला काही कळत नाही. इथवर लिहिताना हुंदका आला तेव्हा कळलं, की कळायला हवं असंही आता वाटत नाहीये. अक्काची हाक ऐकली गेली.

येताना फुलबाजारातून गजरा घेतला होता, तो त्या उशीवर ठेवला. निघताना दारात एक बाई भेटल्या. त्यांच्या आईसाठी खोली बघायला आलेल्या, चेहरा माझा तेव्हा होता तसाच. मला विचारलं, इथे लक्ष देतात का हो?

म्हटलं, खिडकीजवळची कॉट घ्या… आणि आईंना सांगा, शेजारीण चांगली आहे.