वहिनीच्या हातून पडणारी भांडी

अक्षता माझ्या भावाची, केतनची बायको. मुलुंडला एका लॅबमध्ये रक्त काढते. रडणाऱ्या पोरांचीही शीर तिला पहिल्या फटक्यात सापडते. पण बाळंतपणानंतर त्याच हातांतून भांडी पडू लागली. ताट, डबा, एकदा तर पितळी परात. मी वरच्या मजल्यावर राहते, मला सगळं ऐकू यायचं. मी फटकळ. म्हटलं, "हाताला लोणी लावलंयस का गं?" ती नुसती हसायची आणि बाळाकडे बघत राहायची.

सव्वा महिन्याने बारसं झालं. आत्याचा मान माझा. मी पाळण्यावर वाकले, बायकांनी पाठीत धपाटे घातले आणि मी बाळाच्या कानात कुर्र करून "शुभा" म्हटलं. माझं कुजबुजणंही दोन घरं ऐकतात. शुभा टक्क जागी होती, फुग्यांकडे बघत. तिची पापणी हलली नाही.

"चेडू गुणी आसा गो," आमची आई नातीकडे बघत मालवणीत म्हणाली. "इतक्या गोंधळात रडणा नाय."

सगळ्या बायकांनी कौतुक केलं. अक्षता पांढरीफटक पडली होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, दुसऱ्या कानात म्हणा ना."

तेव्हा मला ती भांडी कळली. ती पडत नव्हती, अक्षता पाडत होती, बाळ दचकतं का बघायला. मी दुसऱ्या कानात म्हटलं, जरा मोठ्यानेच. शुभा फुगेच बघत होती.

घुगऱ्या वाटायच्या निमित्ताने आम्ही स्वयंपाकघरात गेलो. तिने तांदळाच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढला. जन्मल्यावर झालेली कानाची तपासणी, पुन्हा करायला सांगितलेली.

"केतनलाही बोलले नाही. बोललं की खरं होईल असं वाटतं," ती म्हणाली. "ताई, मला तिची भीती वाटते. तिला कळत तरी असेल का, मी कोण ते?"

मी कागद उलगडून तारीख बघितली.

"सोमवारी जाऊ. मी येते," मी म्हटलं.

"आणि खरंच निघालं तर?"

बाहेर शुभा रडायला लागली. अक्षता सवयीने तिथूनच म्हणाली, "आले गं सोन्या, आले," आणि मध्येच थांबली. मग बायकांना बाजूला सारत धावली आणि पाळण्यावर वाकून शुभाच्या डोळ्यांसमोर आपला चेहरा नेला.

शुभा तिला बघून गप्प झाली.